गाडीतली चौथी गादी

मखमलाबाद, नाशिक
मार्गशीर्ष, डिसेंबर २००४

प्रिय सुवर्णा,

तू एवढी शिकलीस, परदेशात नोकरीला लागलीस, आणि आपली आजी अंगठेबहाद्दर आहे ही एवढीशी गोष्ट तेवढी विसरलीस होय गं? पोस्टमनने जाडजूड पाकीट हातात दिलं, मला वाटलं तुझ्या समर्थचे फोटो असतील. फोडलं तर बारा कागद, दोन्ही बाजूंनी छापलेले, आणि सोबत चादरीएवढा नकाशा. मी तो आधी उलटा धरला, मग सुलटा धरला. दोन्हीकडून सारखाच छान दिसला. तुमचा न्यूझीलंड म्हणजे एकाखाली एक ठेवलेली दोन लांबोडकी वांगी आहेत, एवढं मला कळलं. पुढचं कळायला वाचणारं माणूस हवं, आणि माझी पत्रं वाचणाऱ्या आपल्या शेजारच्या सुमनबाई तेव्हा निफाडला लेकीकडे बाळंतपणाला गेलेल्या. घरात राहिलं कोण? तुझी आई.

अक्षर तू पहिल्या ओळीलाच ओळखलं असशील. तुझ्या शाळेच्या वह्यांवर नाव हीच घालायची. म्हणून सांगते, पत्र बाजूला ठेवू नकोस. सांगते आहे मी, ही नुसती लिहिते आहे. तेही शहाणपणा करून. मी 'लय दमले' म्हणते, ही 'फार दमले' लिहिते. कसंही लिहिलं तरी दमलेच आहे. गुडघे बसले की उठत नाहीत आणि उठले की बसत नाहीत. शेवंतीची तोड चालू आहे, पण मी आता फक्त बांधावर बसून बायकांना नावं ठेवते, तेवढंच काम उरलंय.

तर तुझी सहल. पहिल्या दिवशीचा कागद तुझ्या आईने उभ्या उभ्या वाचला, विजेचं बिल वाचावं तसा. ऑकलंडहून निघायचं, अमुक ठिकाणी मुक्काम, झालं, असं म्हणून कागद माझ्या मांडीवर टाकून चुलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशीही बोलले नाही. चौथ्या दिवशी दिवेलागणीला फुलांच्या करंड्या बांधून झाल्या, हात पुसले, आणि आपणहून विचारते कशी, आज कुठवर जायचं होतं त्यांना? तेव्हापासून रोज एक दिवस, असे तुझे चोवीस दिवस आम्ही दोघींनी ओट्यावर बसून पुरे केले. तुम्ही फेब्रुवारीत निघणार, आम्ही जाऊनसुद्धा आलो. आणि खरं सांगते, मी तर वाटेतच थकले.

आता माझ्या तक्रारी ऐक. गाडीतच चूल, गाडीतच न्हाणी आणि गाडीतच संडास, आणि तिघांमध्ये अंतर चार हातांचं? हे कुणी शहाण्या माणसाने बनवलं? जेवायचं मेज रात्री मोडून त्याचीच खाट करायची म्हणे. म्हणजे रोज घर मांडायचं आणि रोज मोडायचं. बाई गं, मांडायचं मोडायचं तर आम्ही जन्मभर केलं, त्याला सहल म्हणतात हे आत्ता कळलं. कुठे जमिनीतून कढत चिखल उकळतो तो बघायला जाणार. कुठे गुहेत अंधारात चमकणारे किडे आहेत, त्यांना बघायला तिकीट. पावसाच्या तोंडावर सुरगाण्याच्या बाजूला जा, अख्खी झाडं काजव्यांनी लखलखतात, कुणी तिकीट विचारत नाही. आणि दोन दिवस द्राक्षांचे मळे बघण्यात घालवणार आहात, ते वाचून तर ही तुझी आई हसली. मोठ्याने नाही, पण हसली. निफाडच्या पोरांना कुणीतरी सांगायला पाहिजे की तुमच्यासारख्या बागा बघायला माणसं बोटीत गाडी घालून जातात.

बोटीत गाडी घालायचा दिवस मात्र आम्हाला दोघींनाही आवडला. तो दोनदा वाचून घेतला. बर्फाची नदी आहे तो दिवसही चांगला आहे. पण तेराव्या दिवशी तू साडेतीनशे किलोमीटर धरलेत, ते तेवढे कमी कर. हे माझं नाही, हिचं म्हणणं आहे. तीन वर्षांचं पोर पट्ट्याने बांधून एवढा वेळ बसवायचं, आणि रस्ता सगळा वळणावळणाचा, त्याला ओकाऱ्या होतील, मध्ये एक मुक्काम घालायला सांगा, म्हणाली. मी म्हटलं, तूच सांग. तर उठून चूल फुंकायला गेली. आता लिहायला लावलं तर बघ कसं ठसठशीत लिहिलंय.

तुला वाटेल म्हातारीला गाडीत राहण्यातलं काय कळतं. तू विसरलीस, पण तुला पहिला धडा आम्हीच दिला. तू दहा वर्षांची होतीस. बाबाने जुनी मेटॅडोर घेतली होती, फुलं न्यायला. चैत्रात वणीच्या गडावर जत्रेला झेंडू भरून निघालो, आणि दिंडोरीच्या पुढे गाडीचं काहीतरी तुटलं. सामान नाशिकहून यायचं होतं. तीन दिवस आपण रस्त्याच्या कडेला आंब्याखाली काढले. झेंडू जाणाऱ्या भाविकांना तिथेच विकला, उरला त्यावर झोपलो. आईने तीन दगड मांडून भाकऱ्या केल्या, पहिली भाकरी करपली म्हणून बाबाने ती आपल्या ताटात घेतली आणि म्हणाला, गाडीतल्या घरात अशीच चव लागते. तू गाडीच्या टपावर बसून म्हणालीस, आपण घरी जायलाच नको. बाबा म्हणाला, तू मोठी हो, मग गाडीतच घर करू आणि महिनाभर फिरू. तू फोनवर ह्या सहलीचं पहिल्यांदा सांगितलंस तेव्हाच मी ओळखलं, ही कुणाची सहल आहे ते. हिनेही ओळखलं. चोविसावा दिवस वाचून झाला तेव्हा कागदांची घडी घालत म्हणाली, महिना म्हणाले होते ते, सहा दिवस कमी पडले.

आता माझ्या येण्याचं. गाडीत चार गाद्या आहेत, एक तुझी, एक कुंदनरावांची, एक समर्थची आणि चौथी आजीची, असं तू लिहिलंस. माझ्या नावाचं बोलावणं पाठवलंस, पासपोर्ट करायला लावलास. केला. दिवाळीच्या आधी आला. फोटोत मी अगदी चोरासारखी दिसते. पण एक गोष्ट तुला सांगितली नाही. त्या कचेरीत मला एकटीला भीती वाटते, सोबतीला तूही फॉर्म भर, असा हट्ट धरून मी तुझ्या आईचाही पासपोर्ट करून घेतला. ती म्हणाली, मला कुठे जायचंय? मी म्हटलं, कुठे नाही, पेटीत ठेव. पोलीस चौकशीला आला तेव्हा तिने त्याला चहा दिला आणि जाताना शेवंतीची जुडी दिली. मला भीती वगैरे काही वाटत नव्हती. तिला आत्ता हे लिहिताना कळतंय.

मी येणार नाही, सुवर्णा. डॉक्टर नको म्हणाले असं सांगितलं असतं तर तू विश्वास ठेवला असतास, पण खोटं बोलायचं माझं वय गेलं. डॉक्टर हो म्हणालेत. त्यांच्या मते मी अजून दहा वर्षं त्रास देणार आहे. मी येत नाही, कारण त्या गादीवर माझा हक्क नाही.

इथवर लिहिताना हिला वाटत होतं, पत्र गाडीचं आहे. आता पुढचं ऐक, आणि प्रतिभा, तू लिही. एक शब्द गाळायचा नाही. सुमनबाई निफाडहून परत आल्यात. उद्या सकाळी पाकीट चिकटवायच्या आधी त्यांच्याकडून मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेणार आहे.

तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी तुझा बाबा बाजारातून आला आणि पाणी मागून तिथेच पडला, गेला. तुला तेव्हा सातवा महिना होता. तुझ्या आईने, कपाळ अजून पुसलं नव्हतं, तेव्हा सगळ्यांत आधी तुझा नंबर लावला. फोन मी तोडला. बटण ह्या अंगठ्याने दाबून धरलं. मी सातव्या महिन्यात असताना माझा भाऊ रंगनाथ साप चावून गेला आणि निरोप्या दारात येऊन ओरडला. दुसऱ्या दिवशी माझं पोटातलं लेकरू गेलं. मला तेवढंच दिसत होतं. मी तुझ्या आईला सप्तशृंगीची शपथ घातली, की बाळ सुखरूप होईपर्यंत पोरीला कळता कामा नये. तू दर रविवारी फोन करायचीस, बाबा कुठे म्हणून विचारायचीस. ही सांगायची, मळ्यात गेलेत. बाजारात गेलेत. घसा बसलाय, बोलवत नाही. एकदा म्हणाली, वांग्याची भाजी आवडीने खाऊन आत्ताच बाहेर पडले. फोन ठेवायची आणि मळ्यात जाऊन विहिरीची मोटर चालू करायची, म्हणजे तिचं रडणं कुणाला ऐकू जायचं नाही. असे अकरा रविवार. समर्थच्या बारशाला हिनेच तुला खरं सांगितलं, आणि तू म्हणालीस, अकरा रविवार तू माझ्याशी खोटं बोललीस, आई. त्यानंतर आजतागायत तू फोनवर 'आजीला दे' याच्यापुढे तिच्याशी बोलली नाहीस. आणि तुझा फोन माझ्या हातात देऊन ती अजून उठून मोटर चालू करायला जाते. कित्येकदा मळ्याला पाणी नको असतं.

मी तेव्हाच तुला सांगणार होते. हिनेच थांबवलं. म्हणाली, आत्याबाई, तिला चिडायला कुणीतरी एक पाहिजे. तुमच्यावरही चिडली तर ह्या घरात फोन कुणाला करेल? मला ते पटलं. खरं तर सोयीचं वाटलं. मला तुझा रविवार हवा होता गं. तीन वर्षं मी तुझ्या आईचा रविवार बसून खाल्ला. दमले ते गुडघ्यांनी नाही.

इथे हिने पेन ठेवलं होतं. नको हे, म्हणाली, आणि उठून मोटर बंद करायला गेली, पाणी वाफ्याबाहेर चाललं होतं. मी वाचता न येणारं पत्र पुढ्यात घेऊन एकटी बसले. आता आली आहे. ओले हात पदराला पुसले, पेन उचललं, आणि म्हणते, हं, सांगा पुढं.

पुढं एवढंच. हे पत्र मी सहलीसाठी नाही लिहवलं. चिडायचं असेल तर आता माझ्यावर चीड. फोन नाही केलास तरी चालेल, मी बांधावर बसून राहीन. पण तिच्या नावाचं बोलावणं लवकर पाठव, फेब्रुवारी लांब नाही, आणि चौथ्या गादीवर तिला झोपव. ती गाडीत दोन दिवस बोलणार नाही, तूही बोलणार नाहीस, पण चार हातांच्या घरात मोटर चालू करायला जागा नाही, तिसऱ्या दिवशी बोलावंच लागेल. तुमच्या देशात बी चालत नाही, फूल चालत नाही, घरचं काही चालत नाही, म्हणून ती मोकळ्या हाताने येईल. पण तुमच्याकडच्या गुजराती दुकानात बाजरीचं पीठ मिळतं असं तू म्हणाली होतीस. ते गाडीत भरून ठेव. पहिल्या मुक्कामी तिला भाकरी करायला लाव. नवी चूल, नवा तवा, पहिली करपणारच. ती टाकून देऊ नका. तिचा चतकोर उन्हात खडखडीत वाळवून फडक्यात बांध आणि आई परत येताना तिच्याबरोबर माझ्यासाठी पाठव. दात नसले तरी ताकात भिजवून खाईन.

तुझीच,
आजी सगुणाबाई
(खाली अंगठा उठवला आहे. तोच आहे, फोन तोडलेला.)