मुठीत मावेल एवढं

४ नोव्हेंबर, मंगळवार
आईने आज कापसात जपलेला एक दुधाचा दात माझ्या हातावर ठेवला. "तू ते काचेसारखं ओततेस ना, त्यात घालून दे. मुठीत मावेल एवढं. पुढच्या मंगळवारी ऑपरेशनला नेतील तेव्हा हातात हवंय मला. जप, एकच आहे!"
दादाचाच. आणखी कुणाचा असणार? त्याला जाऊन आठ महिने झाले, आईच्या तोंडी दुसरा विषय नाही. मीही तिचंच लेकरू आहे — पण जाऊ दे.

५ नोव्हेंबर
रेझिनवाल्याच्या दुकानात तासभर घोळ घातला. पॉलिएस्टर रेझिन नको — वासाने डोकं उठतं, आकसतंही. एपॉक्सीच. पण कुठलं? "लिंबाएवढं जाड ओतायचंय? मग तीन दिवसांत सुकणारंच घ्या, ताई. झटपट सुकणारं आतून तापतं."
हे मला माहीत नाही होय! तरी दोन्ही घेऊन आले.

६ नोव्हेंबर
दात समोर ठेवून बसले. ओतवेना. दादाची आठवण येते आणि त्याचाच हेवाही वाटतो. मेलेल्या भावाचा हेवा! लाज वाटते लिहायला.

७ नोव्हेंबर
आजही नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
चालढकल अंगाशी आली. तीन दिवस उरलेच नाहीत. झटपटवालं कालवलं आणि एका दमात सगळं ओतलं. शिकायला येणाऱ्या बायकांना मीच घसा फोडून सांगते — जाड असेल तर थराथराने ओता!
वीस मिनिटांत साच्याला हात लावता येईना. मग धूर. गोळा पिवळाजर्द, मधोमध तडा, दात करपलेला. फरशीवर बसून रडले. दादाचं होतं नव्हतं ते मी घालवलं.

१० नोव्हेंबर
आईने दोनदा विचारलं, "झालं का गं?" मी म्हटलं, "सुकतंय."

११ नोव्हेंबर
दवाखान्यात, तिला ऑपरेशनला न्यायला माणसं आली तेव्हा कुठे मी तोंड उघडलं. सगळं सांगितलं. रागावली नाही. म्हणाली, "वेडाबाई, दादाचं मी काहीच ठेवलं नाही, सगळं त्याच्याबरोबर दिलं. तो दात तुझा होता."
मी काही बोलणार तोवर आत नेलं.
दोन तास लागतील म्हणाले होते. पाच झाले.