एकवीस दिवसांत मनू सरळ

२७ जुलै, रविवार. दुपारी.
रोह्याहून आत्ताच परतलो. आयुष्यातला महत्त्वाचा दिवस. महिपतीदादाने घर स्लॅबसाठी पाडायला घेतलंय, त्यामुळे यंदा घरचा दीड दिवसाचा गणपती आमच्याकडे, पेणला, रामवाडीत. दादा म्हणाला, नीट पार पाडलंस तर पुढेही तुझ्याकडेच राहू दे, माझे गुडघे गेले. नाही जमलं तर घर झालं की परत रोह्याला. मी म्हटलं, न जमायला काय झालं?

सरूवहिनी लगेच म्हणाली, आधी पोरीला आवरा. गेल्या वर्षी मनूने, म्हणजे आमच्या मनस्वीने, ऐन आरतीत समईवर पाणी ओतलं होतं आणि नैवेद्यातला मोदक चावून परत ताटात ठेवला होता. वहिनी ते विसरत नाही. अहो, दीड वर्षाची होती पोरगी. आता अडीचची आहे. आता तिला समज आहे. म्हणजे येईल. मी आणणार.

दादाने आजोबांचा पाट दिला. फणसाचा. गोणपाटात बांधून. आमच्या घरची रीत अशी की पाट आधी मूर्तीच्या कारखान्यात पोचवायचा आणि पाटावर मावेल तेवढीच मूर्ती घ्यायची. कान्हूआजोबांपासून मूर्तीचं माप कुणी तोंडाने सांगत नाही, पाट सांगतो. देताना दादाचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण तेवढ्यात मनू गाडीच्या गरम सायलेन्सरकडे निघाली.

संध्याकाळी ७.
गोणपाट उघडलं नाही. देवाची वस्तू. बेडरूममध्ये भिंतीला टेकवून ठेवलंय. मनू तिथे अर्धा तास एकटी खेळत होती. खडखड चालू होती, पण रडणं नाही, किंचाळणं नाही. एकटी सोडली की शहाणी होते. बायको, ऋतुजा, उगाच तिच्यामागे धावते.

२८ जुलै, सोमवार.
सकाळी पाट घेऊन हमरापूर. माझी कंपनी डोलवीला, बरोबर उलट दिशेला, त्यामुळे शिफ्टला वीस मिनिटं उशीर. असो. गोणपाटाची गाठ सुटलेली होती. दादाला धड गाठ मारता येत नाही. मी पक्की मारली. काल जड होतं, आज एका हाताने उचललं. चार दिवस डंबेल मारतोय त्याचा हा परिणाम.

कारखानदार शिवाभाऊ रंगात कोपरापर्यंत बुडालेला. म्हणाला, पाट मागनं सोडून बघतो, तवर माप सांग. मी म्हटलं, आमच्या घरात विचारायची पद्धत नाही, पाट सांगेल ते माप. त्याने मान हलवली. बहुतेक प्रभावित झाला. चिठ्ठीवर नाव, मोबाईल नंबर लिहून दिला आणि निघालो.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी.
मनूने नागोबाच्या चित्राला दूध पाजलं. चित्र, पाटी, भिंत, सॉकेट.

आजपासून कार्यक्रम सुरू. एकवीस दिवसांत कुठलीही सवय लागते हे सगळे सांगतात. मी कंपनीत ठेकेदाराकडे सेफ्टी सुपरवायझर आहे. मी बोट वर केलं की दोनशे माणसं जागच्या जागी थांबतात. एका अडीच वर्षाच्या मुलीचं काय घेऊन बसलात?

कलम एक, जेवण एका जागी बसून. कलम दोन, बाबांनी बोट वर केलं की थांबायचं. कलम तीन, देवाला लांबून बाप्पा करायचं. पाळलं की कॅलेंडरवर हिरवी टिक. आणि आदर्श म्हणून मी स्वतः घरात आलो की मोबाईल बंद, कपाटावर. कितीही वाजू दे.

३० जुलै, बुधवार.
बोट वर केलं. मनूने ते चावलं. टिक नाही.

३ ऑगस्ट, रविवार.
आश्चर्य! मनू चार दिवस एका जागी बसून जेवतेय. डायनिंग टेबलाखाली तिने जागा केलीय. गोधडी अंथरते, त्यावर मांडी घालते, वरणभात पूर्ण संपवते. आजवर हिला भरवायचं म्हणजे ताट घेऊन गॅलरीपर्यंत वरात जायची. चार टिका.

ऋतुजाच्या मते हे सगळं पाटामुळे झालं. पोरीला बसायला ऐसपैस मिळालं म्हणे. आता तो पाट म्हणजे मनूच्या मामाने बारशाला दिलेला, लाल, कोपऱ्यात पिवळं बदक. त्यात ऐसपैस काय आहे? बायकोला नवऱ्याच्या पद्धतीला श्रेय देणं जड जातं, एवढंच.

६ ऑगस्ट, बुधवार.
संध्याकाळी कपाटावर फोन तीनदा वाजला. हात शिवशिवले. उचलला नाही. मनू बघत होती. हाच तो क्षण, ज्याने मुलं घडतात.

नंतर पाहिलं तर अनोळखी नंबर. लोनवाले असणार.

९ ऑगस्ट, शनिवार. राखीपौर्णिमा.
राखी बांधायला भाऊ नाही म्हणून मनूने फ्रीजच्या हँडलला राखी बांधली. मग गॅसच्या नळीला. मग शेजारच्या मांजराला, ते पळालं, ती मागे, मी बोट वर करून तिच्या मागे. जिन्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, काय हो, मुलीला आकाश दाखवताय का?

नारळीभात मात्र टेबलाखाली बसून पूर्ण. टिक.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.
ऋतुजा शिकवते त्या शाळेत झेंडावंदन. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मनू आता ट्रेन्ड आहे. राष्ट्रगीताला सगळे ताठ उभे. मनू ध्वजाच्या दोरीला लोंबकळली. मी बोट वर केलं. मुख्याध्यापिकांना वाटलं, मला काही बोलायचंय. गीत संपल्यावर त्यांनी माइक दिला. दोन शब्द बोललो. बरे झाले, असं मला वाटतं.

घरी ऋतुजा म्हणाली, लाल पाट कुठे दिसत नाही. मी म्हटलं, टेबलाखाली डोळे उघडून बघ. ती माझ्याकडे बघून भाकऱ्या करायला गेली.  चूक तिचीच.

१८ ऑगस्ट, सोमवार. दिवस एकविसावा.
निकाल. जेवण, एकोणीस टिका. बोट, शून्य. लांबून बाप्पा, शून्य, पण त्यासाठी अजून बाप्पा आलेला नाही, तेव्हा ते मोजण्यात अर्थ नाही. म्हणजे नव्वद टक्के.

दादाला फोन करून सांगितलं की पोरगी सरळ झाली. दादा म्हणाला, बरं. मागून वहिनीचा आवाज आला, बघूया. त्या घरात विश्वास नावाची चीजच नाही.

२४ ऑगस्ट, रविवार.
मखर पूर्ण. तीन फूट उंच, दोन रांगा लाईट. शिवाय चतुर्थीला मूर्ती आणायला टेम्पो ठरवलाय आणि ढोल-सनईचा खालूबाजा. ऋतुजा म्हणाली, हमरापूरहून मूर्ती मांडीवर घेऊन रिक्षाने येते की. मी म्हटलं, हा पहिला गणपती आहे आपला. लोकांना कळायला नको? ती म्हणाली, खरंय. हसत होती.

मखरापासून चार फुटांवर पिवळी पट्टी चिकटवली. कंपनीत वापरतात तीच. पट्टीच्या आत मनू नाही. तिला समजावलं. तिने पट्टी उखडून पायाला गुंडाळली.

२६ ऑगस्ट, मंगळवार.
आई, दादा, वहिनी आले. वहिनीने आल्या आल्या समई उचलून उंच कपाटावर ठेवली. मनू शांत होती, पण वहिनीच्या पिशवीत डोकं घालून. आई म्हणाली, पोर चांगली जाड झाली गो ऋतुजा, काय देतेस खायला? मी सांगायला तोंड उघडलं, पण आईने ऋतुजालाच विचारलं होतं.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी. दुपारी २.
लिहवत नाही. तरी लिहितो.

सकाळी टेम्पो, बाजावाले चौघे, मी नवा कुर्ता घालून पुढे. कारखान्यात ही गर्दी. शिवाभाऊने आतून एक मूर्ती आणून माझ्या हातात ठेवली. वीतभर. फार तर नऊ इंच. मी म्हटलं, ही कुणाची? म्हणाला, तुझीच. पाटाव चिठ्ठी हाय.

पाट लाल होता. कोपऱ्यात पिवळं बदक.

शिवाभाऊ म्हणाला, मी तीन टायमाला फोन केला, पाट लय बारीक हाय, काय करू विचारायला. तू उचलत नाय. मग म्हटलं, याच्या घरात विचारायची पद्धत नाय. मी दुसरी मोठी मूर्ती दे म्हटलं, तर प्रत्येकीवर कुणाची ना कुणाची चिठ्ठी.

टेम्पोत मागे ठेवली असती तर दिसली नसती. मांडीवर घेऊन पुढे बसलो. मागे रिकाम्या टेम्पोत बाजावाले जीव तोडून वाजवत होते. अख्खी रामवाडी बाहेर आली. त्यांना कळावं हीच माझी इच्छा होती.

दारात दादा म्हणाला, मूर्ती कुठाय? मूर्ती माझ्या हातात होती.

मग म्हणाला, आजोबांचा पाट कुठाय? मी म्हटलं, कारखान्यात अदलाबदल झालीय, शिवाभाऊ फार निष्काळजी माणूस. हे वाक्य पूर्ण होतंय तोवर मनू ओरडली, माझं बदक! आणि मूर्तीकडे झेपावली. वहिनीने डोळे मिटले. माझे हात गुंतलेले, तरी मी करंगळी वर केली.

मनू मूर्तीपाशी आली, बदकाला हात लावला, बाप्पाकडे वर बघितलं आणि मागे वळून टेबलाखाली शिरली. गोधडी फेकली. आणि आजोबांचा पाट ओढत, फरफटत, सगळ्यांच्या मधोमध आणला. महिन्याभराचा वरणभात वाळलेला. एका कडेला मेणखडूच्या रेघा. दादाने तो उलटा केला. खाली आजोबांनी स्वतः कोरलेलं नाव, कान्हू. त्यावर चिकटलेलं बिस्किट.

मनू दादाला म्हणाली, बाप्पाला माझा, मला हा.

म्हणजे सत्तावीस जुलैची ती खडखड. ती गाठ. ते डंबेल. ऋतुजा हळूच म्हणाली, मला वाटलं दादांनी पोरीसाठी दिला. मला खाली जमिनीत जावंसं वाटलं, पण दारात बाजावाले उभे होते.

मी दादाला म्हटलं, यात सिस्टिमचा दोष आहे. आई म्हणाली, गप रं निकेश. पाट तिनं सांभाळला, तू नाय. महिनाभर पोर त्याच्याव बसून पोटभर जेवली. माज्या सासऱ्याला त्यात काय वाईट वाटंल?

 दादाने मोरीत जाऊन पाट स्वतः धुतला. गुडघे धरत धरत. माझ्याकडे धुवायला दिला नाही, हे मला फार लागलं.

संध्याकाळी ८.
आरती झाली. तीन फुटी मखरात नऊ इंचांचा बाप्पा. वहिनी म्हणाली, गोड दिसतोय. मनू धुतलेल्या पाटावर मांडी घालून बाप्पासमोर बसली होती. पहिल्या आरतीपासून मंत्रपुष्पांजलीपर्यंत हलली नाही. मोदकाकडे बघितलं, हात लावला नाही. पिवळ्या पट्टीची गरजच पडली नाही.

समई विझली. माझं कोपर लागलं. मनू हललीच तर असावं म्हणून मी बोट तयार ठेवलं होतं. वारा पण होता.

२८ ऑगस्ट, गुरुवार. संध्याकाळी.
भोगावती नदीवर विसर्जन. बाप्पा पाण्यात गेला तेव्हा मनू रडली नाही, मी रडलो. परत येताना पाटावर नदीची मूठभर वाळू घेऊन यायची असते. लाल पाट मनूने कुणाला दिला नाही, डोक्यावर धरून घरापर्यंत आणला. अर्धी वाळू माझ्या कुर्त्यात.

घरी आल्यावर दादाने निर्णय दिला. गणपती पेणलाच राहील. मी उठून त्याच्या पाया पडायला वाकलो, तर म्हणाला, थांब, पुरतं ऐक. पुढल्या वर्षी पाट शिवाभाऊकडे ऋतुजा नेईल, फोन ऋतुजाचा लागेल, आणि मूर्ती बदकाच्याच पाटावर. मग त्याने वहिनीकडून पेन घेऊन चिठ्ठी आत्ताच लिहून ठेवली. मी डोकावून पाहिलं. नाव, मनस्वी. खाली, माप पाट सांगेल.

वहिनीने जाताना मनूचा मुका घेतला आणि मला म्हणाली, भाऊजी, तुम्हीपण बरे वागलात.

संध्याकाळी साडेसात.
जेवायला बसलो. म्हणजे मी उभा होतो, एका हातात ताट, दुसऱ्यात फोन. टेम्पोवाला रिकाम्या फेरीबद्दल वाद घालत होता. मनू आजोबांच्या पाटावर बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि बोट वर केलं.

मी थांबलो. का ते माहीत नाही. पाय आपोआप थांबले.

म्हणाली, बाबा, खाली. फोन वर.

फोन कपाटावर ठेवला. फरशीवर मांडी घातली. मला पाट नाही, दोन्ही तिचेच. वरणभात संपवला, शेवटचं शीतही. मनूने टाळ्या वाजवल्या. ऋतुजा उठली आणि कॅलेंडरवर आजच्या तारखेला हिरवी टिक केली. शेजारी लिहिलं, निकेश, दिवस पहिला.