वरून आलेली तुसडी पत्रं

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या शिकाऊ बाईंनी गाडी सरळ फुलवाल्याच्या टपरीत घातली, आणि तू उलट त्या फुलवाल्यालाच झापलंस, हे वाचून मी या अंतराळस्थानकात भिंतीला बांधलेल्या अवस्थेत एकटाच हसत होतो. आमच्या कप्तानबाईंनी डोकावून काय झालं म्हणून विचारलं. बहिणीचं पत्र आहे म्हटल्यावर त्यांना माझी थोडी दया आली असावी.

आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल असतो, पण त्याला खालच्या नियंत्रण कक्षातले कान लागलेले असतात. मनातलं लिहायचं ते पत्रातच. माझी झोपायची खोली म्हणजे कपड्यांचं कपाट समज. पिशवीत शिरायचं, पिशवी भिंतीला बांधायची आणि डोळे मिटायचे. कानाशीच हवेचा पंखा. त्याची घरघर अशी, की मिक्सरमध्ये डोकं घालून झोपल्यासारखं वाटतं. शेवटी त्याच्या जाळीवर एक मोजा कोंबला तेव्हा कुठे डोळा लागला. नियमात बसत नाही, पण अर्धी जाळी उघडी ठेवली आहे. उगाच बोंबलू नकोस.

सकाळी डोकं मात्र जड असतं. हवा शुद्ध करणारी इथे दोन यंत्रं, त्यातलं एक दुरुस्तीला काढलंय. खालचे म्हणतात आकडे मर्यादेत आहेत. त्यांचं मापकयंत्र मधल्या मार्गिकेत टांगलेलं आहे, माझ्या उशाशी नाही, पण वाद कोण घालणार. आमच्यात डोकं दुखतं म्हणून डॉक्टरांना सांगायची पद्धत नाही. सांगितलं की पुढचं काम दुसऱ्याला मिळतं. त्यामुळे आम्हा सगळ्यांची डोकी कायम ठणठणीत.

महिनाअखेरीस माझा स्पेसवॉक आहे. एक जुना पंप बदलायचा. बाहेर गेलं की कमरेला दोन दोर असतात, आणि पुढची कडी अडकवल्याशिवाय मागची सोडायची नाही, एवढाच काय तो धडा. चुकलं तर माणूस तरंगत निघून जातो. पण इतके महिने सराव केलाय, झोपेतही हात बरोबर चालतील. याचसाठी तर एवढा खटाटोप केला.

कप्तानबाई सारख्या गुणगुणतात. सूर बरा आहे, पण हल्ली डोक्यात जातो. तू लिहीत राहा.

मोठ्यांनी धाकट्यावर ठेवावा तेवढा लोभ ठेव, कान पकडलास तरी चालेल.

तुझा,
टिल्लू


१४ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद. देते आहे, पण दात-ओठ खात देते आहे.

तुझ्या बायकोचा फोन आला होता. ती तक्रार करणारी नाही हे तुलाही ठाऊक आहे, पण या वेळी आवाज रडवेला होता. छोटीने कॉलवर चित्र काढून दाखवलं आणि तुमच्याकडे वरचं कुठलं न् खालचं कुठलं, असं विचारलं, तर तू तिच्यावर खेकसलास म्हणे. एवढंही कळत नाही का, म्हणालास. सात वर्षांच्या पोरीला. ती न्हाणीघरात कडी लावून बसली होती. घरात आवाज चढवायचा ठेका आजवर माझ्याकडे होता. तुला तो कुणी दिला?

तुझं मोज्याचं प्रकरण वाचून मी कपाळावर हात मारला. एवढा शिकलास आणि झोप येत नाही म्हणून यंत्रात पायमोजा कोंबतोस. लहानपणी घड्याळाची टिकटिक नको म्हणून ते गादीखाली ठेवायचास आणि आम्हा सगळ्यांना उशीर व्हायचा, तोच तू. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही.

आणि ते तुझे खालचे लोक. त्यांनी इथे फॅनखाली बसून तुझ्या उशाशी हवा ठीक आहे म्हणायचं. हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं, फक्त इथे उंट खाली आणि शेळ्या वर. माझ्याकडे कुणी घरून भांडून आला, तर त्या दिवशी मी त्याच्या हातात चाक देत नाही. फी परत मागितली तरी देत नाही, आणि चाकही देत नाही. तुला मात्र डोकं धरून, लोकांवर गुरगुरत, दोन दोरांवर बाहेर पाठवणार. याला काय म्हणायचं, तूच सांग.

दुसरं म्हणजे आईचं कपाट शेवटी रिकामं केलं. दोन वर्षं हात लावला नव्हता. घड्याळ, चष्मा, राखाडी शाल आणि तिच्या कात्र्या आहेत. तुला काय हवं ते कळव, बाजूला काढून ठेवते.

छोटीची माफी माग. माझी नंतर मागितलीस तरी चालेल.

लोभ आहे. वाढवायचा की नाही ते तुझ्या पुढच्या पत्रावर ठरवीन.

तुझी,
ताई


२० फेब्रुवारी

ताई,

नमस्कार वगैरे तूच घालून घे.

कात्री पाठवतेस की चष्मा, मला फरक पडत नाही. अख्खी आई स्वतःकडे ठेवून घेतलीस आणि आता मला विचारतेस यातलं काय हवं. शाल हवी का म्हणे. मला आई हवी होती. तिचे शेवटचे आठ-दहा दिवस हवे होते.

मी कुठे होतो? तुझ्या घरापासून तासाभरावर. मोहिमेच्या सरावासाठी त्या बंद खोलीत आम्हाला कोंडलं होतं. कबूल, दार उघडलं असतं तर माझी निवड गेली असती. पण दार आतून उघडता येत होतं, ताई. तू नुसतं वाजवायला हवं होतंस. तू वाजवलं नाहीस. तू ठरवलंस. नेहमी तूच ठरवतेस. शिकवायच्या गाडीत तुझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो ना, तो सगळ्यांच्या आयुष्यात असतो असं तुला वाटतं. मला विचारायचं होतंस. मी आलो असतो की नाही ते मी ठरवलं असतं. मला विचारायचं होतंस.

डोकं फुटायला आलंय. कप्तानबाईंना आज सांगितलं की गुणगुणणं बंद करा नाहीतर मी तुमच्या तोंडात मोजा कोंबीन. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. सगळे नुसते बघतात. सरावात माझी कडी चुकली असं म्हणत होत्या. चुकली नव्हती. त्यांनाच नीट दिसलं नाही.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही. दाखवलंस तर माझा स्पेसवॉक जाईल, आणि मग तुझं न् माझं नातं संपलं.

लोभाचं बघू नंतर.


२१ फेब्रुवारी

मोहिमेच्या डॉक्टरांस,
स. न. वि. वि.

तुमच्या त्या नावाजलेल्या अंतराळवीराची मी थोरली बहीण. सोबत त्याचं पत्र जोडते आहे. तो दाखवू नकोस म्हणाला आहे, म्हणूनच मुद्दाम दाखवते आहे. शाळाशाळांतून ज्याचे फोटो लावलेत, तो बहिणीशी आणि सोबतच्या बाईंशी कसा बोलतो ते एकदा तुम्हीही वाचा.

उड्डाणाआधी तुम्ही आम्हा घरच्यांना बसवून सांगितलं होतं, की त्याच्या बोलण्यात काही वेगळं वाटलं तर कळवा. मला वेगळं वाटतं आहे. तो उद्धट कधीच नव्हता. आता तुम्ही त्याला असा कसा केलात ते मला कळवा. पंख्याला मोजा लावून झोपतो, सकाळी डोकं धरून उठतो, पोरीवर ओरडतो, आणि तुम्ही आकडे मर्यादेत आहेत म्हणून हातावर हात ठेवून बसलात. त्याला या डोक्याने बाहेर पाठवलंत आणि काही झालं, तर तुमच्या दारात येऊन बसेन. मला बसून राहायची सवय आहे, रोज आठ तास गाडीत बसते.

कळावे. लोभाची अपेक्षा नाही, उत्तराची आहे.

आपली,
त्याची ताई


२३ फेब्रुवारी

ताई,

दाखवलंस. शेवटी दाखवलंसच.

आज डॉक्टरांनी खालून सांगितलं की स्पेसवॉकमधून मला काढलं आहे. मग शाळामास्तरासारखं विचारलं, जाळीवर मोजा आहे का. म्हणजे तेही सांगितलंस. काढून टाकला मी तो. आता रात्रभर त्या घरघरीत जागा राहीन, झालं समाधान? अकरा वर्षं मी या एका दिवसासाठी घालवली. आईही त्यातच गेली. आणि तू बसल्या जागी ते पुसून टाकलंस.

यापुढे पत्र लिहू नकोस.


१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. साष्टांग खरंच घातला असता, पण इथे आडवं पडणं आणि उभं राहणं एकच.

काय लिहू? मागची पत्रं पुन्हा वाचली आणि माझीच मला लाज वाटली. तू ओळखलं असशीलच, पण नीट सांगतो. इथे वजन नाही, म्हणून ऊन हवा वर जात नाही. आपण सोडलेला श्वास नाकापुढेच बसून राहतो. पंख्याने तो हलवला नाही, तर तोच परत आत घ्यायचा. हे मी स्वतः टीव्हीवरून शाळेच्या मुलांना शिकवलंय, आणि मीच पंख्याला मोजा घातला. त्यात एक यंत्र बंद. डॉक्टरांच्या सांगण्यावरून कप्तानबाईंनी मार्गिकेतलं मापकयंत्र काढून माझ्या खोलीत लावलं, मोजा परत जाळीवर कोंबला आणि मला आत झोपवून बघितलं. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला.

श्वासातल्या त्या कार्बन डायऑक्साइडने डोकं दुखतं, माणूस चिडतो, आणि आपण चुकतोय हेच त्याला कळत नाही. कप्तानबाईंनी मला सरावाचं चित्रण दाखवलं. पुढची कडी अडकवण्याआधी मी मागची सोडली होती. एकदा नाही, दोनदा. आणि दोन्ही वेळा मी त्यांच्याशीच भांडलो होतो. हेच बाहेर झालं असतं, तर मी हे पत्र लिहायला नसतो. त्यांचे पाय धरायला गेलो, तर त्या गुणगुणत निघून गेल्या. परवा माझ्या जागी त्याच बाहेर जाऊन पंप बदलून आल्या. मी आतून दिवा धरला. छोटीचीही माफी मागितली. ती म्हणाली, ठीक आहे, पण चित्र परत काढणार नाही.

तू डॉक्टरांना कळवलंस म्हणून मी जिवंत आहे. आणि त्या वीस तारखेच्या पत्रातलं काहीही माझं नव्हतं, ताई. आईबद्दलचं तर नाहीच. ते सगळं त्या हवेचं बोलणं. तू तेव्हा केलंस ते योग्यच केलंस, हे मी आधीही म्हणालो होतो. ते पत्र फाडून टाक आणि झालं-गेलं विसरून जा.

आहे तो लोभ अजून शिल्लक असेल, तर थोडा या मूर्खाकडे वळव.

तुझा,
टिल्लू


५ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद. या वेळी मनापासून.

तू वाचलास हे वाचून मी गाडी कडेला लावली आणि चांगली रडले. शेजारच्या शिकाऊ गृहस्थांना वाटलं, त्यांचंच काहीतरी चुकलं. चुकलंही होतं, पण ते वेगळं.

आता ऐक. तुझ्या माफीने मी आणखीच चिडले आहे. तुझा जीव मी काळजीने वाचवला असं समजून माझी आरती ओवाळू नकोस. ते पत्र मी डॉक्टरांना संतापाने पाठवलं. तुझी फजिती व्हावी म्हणून पाठवलं. तू वाचलास तो माझ्या रागाने.

आणि आता त्या हवेचं. डोकं दुखलं, पोरीवर खेकसलास, कड्या चुकल्या, हे सगळं तिच्या नावावर घाल, माझी ना नाही. पण मी दार वाजवलं नाही हे त्या हवेला कुणी सांगितलं? तिला आपल्या घरातलं काय माहीत? ती वाक्यं तुझी आहेत, टिल्लू. दोन वर्षं गिळून बसला होतास. आई गेल्यावर तू त्या बंद खोलीतून बाहेर आलास, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, बरं केलंस ताई. तू खोटं बोलतोयस हे मला तेव्हाच कळलं होतं. तेव्हापासून आपण दोघं पाहुण्यांसारखे गोड-गोड बोलतो. मला त्याचा वीट आला आहे.

आईने मला शपथ घातली होती. त्याचं स्वप्न मोडेल, त्याला बोलावू नकोस, म्हणाली. मी दोनदा त्या इमारतीच्या फाटकापर्यंत गाडी घेऊन गेले आणि दोनदा वळवून आणली. शेवटच्या दिवशी ती तुझंच नाव घेत होती, आणि तरीही मला शपथेतून मोकळं करत नव्हती. ती शपथ घालून सुटली, तू वर निघून गेलास, आणि तुझ्या मनातल्या शिव्या खायला खाली उरले मी. मला तुझा राग येतो. तिचा त्याहून येतो, आणि गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

तेव्हा तुझं ते पत्र मी फाडणार नाही. दोन वर्षांत तू मला लिहिलेलं ते एकच खरं पत्र आहे. हवं तर हे माफीचं फाडते.

पंख्याला हात लावायचा नाही. डोकं दुखलं तर त्याच दिवशी सांगायचं, पुढचं काम गेलं तर जाऊ दे. धड खाली ये, माझ्या समोर बस, आणि जे लिहिलंस ते सगळं माझ्या तोंडावर पुन्हा बोल, एकही शब्द न गाळता. मग मी उत्तर देईन. ते मी पत्रात देणार नाही.

लोभाची चिंता करू नकोस. तू फक्त भांडायला जिवंत परत ये.

तुझी,
ताई