हळदीचं बोट

दादा, तुम्ही आणलेला नकाशा आता माझ्या दौंडच्या स्वयंपाकघरात आहे. गॅसच्या वर लावू नको, तेलकट होईल, असं नवरा सांगत होता. मी म्हटलं, तो चुलीवरच काळा झालाय, आता त्याला आणखी काय होणार. प्लॅस्टिक कडांनी उचकटलंय आणि देशभर पिवळे ठिपके आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, पोरांनी घाण केलीय. मी कुणाला समजावत बसत नाही.

तुम्ही सुट्टीवर आला होतात तेव्हाची गोष्ट. ट्रंक उघडली की आईला साडी आणि मला, तुमच्या लेकीला, काहीतरी खाऊ निघणार म्हणून मी टपून बसलेली, आणि तुम्ही काढलात हा गुंडाळा. आई म्हणाली, "आता ह्ये काय नेसू?" तुम्ही हसत हसत तो चुलीमागच्या भिंतीवर ठोकलात. "मी कुठं हाय त्ये तुला रोज दिसंल. बदली झाली की कळवीन, तू खूण कर." आई कालवणाला फोडणी देत होती. तिनं हळदीचं बोट तसंच वर उचललं. "आत्ता कुठं?" तुम्ही वाळवंटातलं एक गाव दाखवलंत आणि तिनं तिथं बोट टेकवलं. हवाई दलातल्या माणसाच्या बदल्या काही थोड्या नसतात. दर वेळी तुमचा निरोप आला की मी नकाशावर गाव शोधायचे, आई डब्यातल्या हळदीत बोट बुडवायची, आणि त्या दिवशी ती जरा जास्तच बोलायची.

तुमचा एक ओरडाही आठवतो. मांडवगणच्या पुढं आपल्या वस्तीला लागूनच भीमा. पोहायला शिकवायचं म्हणून तुम्ही माझ्या पाठीला रिकामा डबा बांधून मला पाण्यात उतरवलंत. मी काठावरचं झुडूप काही सोडेना. तुम्ही खेकसलात, "पाण्याला भ्यायचं न्हाई! भ्यालीस की त्ये वडून नेतं." मी रडत घरी गेले आणि तुमच्याशी अबोला धरला. तुम्ही मात्र नदी दुथडी भरलेली असताना पलीकडं, दौंड तालुक्याच्या हद्दीत जायचात, आणि तिकडचा पेरू दातात धरून परत यायचात. अख्खी वस्ती बघायला उभी राहायची. आई तेवढी घरात असायची. ती म्हणायची, माझ्यानं बघवत नाही.

म्हणून तर ती बातमी आली तेव्हा तसं झालं. जीपमधून दोन गणवेशातले साहेब आले, बरोबर सरपंच. आई भाकऱ्या थापत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, नीट भाजू दिली, खाली घेतली आणि मगच पदर सारखा करत बाहेर आली. साहेब हिंदीत बोलत होते आणि सरपंच मराठीत सांगत होते. बेटांकडं जवान घेऊन निघालेलं विमान, तुम्ही तिकडच्या तळावर दुरुस्तीच्या कामाला चाललेले, समुद्रावर असताना विमानाचं बोलणं तुटलं. शोध चालू आहे. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पाण्यात पडलं ना? डोंगराव न्हाई ना?"

"पाण्यात, वैनी."

"मग येतील. त्यांना पवता येतं."

सरपंचांनी हे हिंदीत सांगितलं नाही. तरी त्यातल्या एका साहेबानं मान खाली घातली. तो साहेब मला अजून दिसतो. टोपी काखेत धरून उभा आहे, आणि आत भाकरी गार होते आहे.

पुढं कळलं की काही खुर्च्या तरंगताना सापडल्या, पंखाचा एक तुकडा सापडला. माणसं सापडली नाहीत. शोध थांबला. तुमची ट्रंक घरी आली. भाऊकी म्हणाली, दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या, दहावं उरका, बाई मोकळी होईल. आबांनी कुणालाच उभं केलं नाही. आबांचा, म्हणजे तुमच्या वडलांचा, हट्ट तुम्हाला सांगायला नको. ते म्हणाले, "मेंढरू चुकलं तर कातडं बघितल्याबिगर आपन त्याला मेलं म्हनत न्हाई. माझ्या लेकाला कसं म्हनू?"

आपल्या वस्तीवर समुद्र बघितलेला माणूस म्हणजे एकटे आबाच. तरुणपणी मेंढरं घेऊन ते घाट उतरून कोकणात जायचे. त्यामुळं त्या दिवसांत जो तो आबांनाच विचारायला यायचा, समुद्र केवढा असतो, खोल किती असतो. आबा सांगायचे, "समुद्र कायबी ठिवून घेत न्हाई. आमची मेंढी लाटंनं नेली व्हती, ती तिसऱ्या दिशी वाळूत आनून टाकली." आई दाराआडून ऐकायची. आबांना मेलेली मेंढी म्हणायची होती. तेही आईला कळत होतं. तरी ती ऐकायची.

दिवाळी झाली आणि आबा म्हणाले, मी कोकणात जातो, लेकाला बघून येतो. मी तेव्हा नववीत होते, भूगोलात हुशार. मी त्यांना नकाशापुढं उभं केलं. "आबा, दादांचं विमान हिकडं उगवतीला पडलं. कोकण मावळतीला. ह्यो समुद्रच येगळा." आबांनी चष्मा पुसला. मग कोकणाच्या कडेनं निळ्यावर बोट ठेवून ते खाली खाली घेत गेले, टोकाला वळसा घातला आणि तुमच्या बाजूला वर आणलं. "मधी कुठं तुटलंय का?"

"न्हाई."

"मग? एकच पानी हाय."



तेव्हापासून आई आणि आबा दर वर्षी जायचे. एका वर्षी मीही गेले. एसटीनं घाट उतरलो, खाडी ओलांडली, संध्याकाळी वाळूवर पोचलो. आबांनी घोंगडी अंथरली, पायताण काढलं आणि पाण्याच्या कडेला जाऊन हाळी घातली. चुकलेल्या मेंढराला दिवस मावळताना घालतात तीच, लांब ओढलेली, शेवटी जीभ टाळ्याला लावून थांबवलेली. जाळी उरकणारे कोळी बघत राहिले. हाळी घालायची, हात कानामागं धरून ऐकायचं, पुन्हा घालायची. लाटांच्या आवाजात मलाही काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं. मी आईच्या जवळ सरकले. "आई, दादा ह्या समुद्रात न्हाईत गं."

आई समोरच बघत होती. "मला ठावं हाय कुठल्या अंगाला पडलं त्ये. तिकडं मला कोन नेनार? हितवर मामंजी आनत्यात." मग म्हणाली, "आन् त्या म्हाताऱ्याला घरात बसवून ठिवलं तर त्यो टिकंल व्हय?"

आबा गेल्यावर तिनं कोकणाचं नाव काढलं नाही. कुंकू लावत राहिली. हळदीकुंकवाला कुणी बोलवायचं, कुणी टाळायचं. टाळणाऱ्यांवर मी चिडायचे, ती चिडायची नाही. नकाशावर मात्र त्या बातमीनंतर तिनं पुन्हा कधी बोट टेकवलं नाही. शेवटचा ठिपका तुम्ही ज्या विमानतळावरून चढलात त्याचा. त्याच्यापुढं नुसतं निळं.

माझं लग्न दौंडात झालं आणि शेवटच्या आजारपणात मी तिला इकडं आणली. नकाशाही तिच्याबरोबर आला. एका दुपारी मी पेज भरवत होते, ती म्हणाली, "मला समुद्रात सोड."

मी विचारलं, "कुठल्या, आई?"

तिनं भिंतीकडं बघितलं. "त्यांच्या."

दादा, इतक्या वर्षांत तुम्ही समुद्रात आहात असं ती पहिल्यांदा बोलली. मी वाडगा घेऊन मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.

ती गेली. भाऊकी म्हणाली, नाशिकला न्या, तिथं सगळी सोय असते. मी अस्थींचं मडकं ओट्यावर ठेवून नकाशापुढं उभी राहिले. तुमच्या समुद्रापर्यंत जायचं कसं, कुणाबरोबर, काही सुचत नव्हतं. सहज दौंडवर बोट ठेवलं. तिथून एक बारीक निळी रेघ निघते. पंढरपूर करते, खाली जाऊन कृष्णेला मिळते, आणि कृष्णा जाते उगवतीला, तुमच्याच समुद्रात. नववीत मी हे पाठ करून मार्क घेतले होते. आपण सगळे घाट उतरून उलट्या बाजूला जात राहिलो, आणि तुमच्याकडं जाणारं पाणी वस्तीच्या दारातूनच वाहत होतं. त्याच पाण्यात तुम्ही मला डबा बांधून उतरवलं होतं.

मी तिला दौंडलाच भीमेत सोडली. या वेळी काठाला धरून न राहता कमरेपर्यंत आत गेले. भ्याले नाही म्हणणार नाही. पुढं उजनीचं धरण आहे, तिथं दरवाजे उघडेपर्यंत तिला थांबावं लागलं असेल. पण वाट बघण्यात तिचा हात कोण धरणार!

हे पत्र पुलावरून नदीत सोडायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. आता वाटतं, कागद धरणापर्यंतसुद्धा जायचा नाही, राहू दे घरातच. एक मात्र सांगून ठेवते. आईला तुमच्याकडं धाडलं, म्हणजे तुम्ही तिथं आहात हे मी मान्य केलं, असं मला वाटत होतं. आज सकाळी फोडणी देताना हळदीचं बोट नकाशापर्यंत नेलं, त्या निळ्यावर. गॅसवर मोहरी करपली तरी बोट तसंच हवेत होतं. मग मी ते पदराला पुसलं.