दुसरीचा चेहरा

१६ नोव्हेंबर १९९४

आले बाई एकदाची! पुण्याहून एसटीत हाडं खिळखिळी झाली, पण खोली पाहिली आणि सगळा शीण गेला. औरंगपुऱ्यात बद्रीनाथकाकांचं बांगड्यांचं दुकान आहे, त्याच्यावरची ही खोली. जिना एवढा अरुंद की शालू नेसलेली नवरी उतरणार कशी, देव जाणे. पण उत्तरेला दोन मोठ्या खिडक्या आहेत. आमच्या कामाला याहून काय हवं? उन्हाची तिरीप नाही आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत उजेड एकसारखा. दोन खिडक्यांच्या मधोमध आरसा लावला, समोर उंच खुर्ची ठेवली, पडद्यामागे स्टोव्ह आणि माझी गादी.

गुलमंडीतल्या पेंटरनं पाटीवर ‘रंगभुषा’ लिहून आणलं होतं. ‘भू’ दीर्घ करून घेतला. सहा वर्षं नाटक कंपनीत विंगेत उभं राहून तिशीच्या नटांना सत्तरीचं केलं, आडदांड माणसांना साधू केलं. कंपनी बंद पडली म्हणून काय हात बंद पडतात? तुळशीची लग्नं सुरू झालीत. आता नवऱ्या येतीलच.

काकांनी सांगितलं, इथं मेकअप म्हणजे पांढरं करणं असं लोक समजतात. मी म्हटलं, बघू.

२५ नोव्हेंबर

आठ दिवसांत पाच नवऱ्या. आजची पैठणकडची होती. शेतात राबलेली, गहूवर्ण, फार देखणी. मावशा मागं उभ्या राहून आणखी पावडर लावायला सांगत होत्या. मी ऐकलं नाही. तिच्याच रंगाचा हात दिला, गालाच्या हाडाखाली किंचित सावली, डोळ्यांच्या कोपऱ्यात काजळ ओढून घेतलं. आरशात पाहून पोरगी लाजली आणि मग हसली. 

चेहरा वाचायचा असतो, हे मला विंगेतच कळलं. आधी दहा मिनिटं नुसतं बघायचं. कुठलं हाड वर आहे, कुठली भुवई खाली आहे, हसताना ओठ कुठल्या बाजूला आधी जातो. मग हात आपोआप चालतात. आईला पत्रात हे सगळं लिहिलं. ती अंबाजोगाईत एकटी असते. उत्तर येईल की नाही माहीत नाही. तिला माझ्या कामाचं कधी फारसं कौतुक नव्हतं.

३ डिसेंबर

आज एक वेगळंच काम आलं.

मुकुंदवाडीच्या लक्ष्मीबाई म्हणून आहेत, मोठं शेतकरी घर. त्यांच्यासोबत त्यांची सून भागू होती, वीस-एकवीस वर्षांची. लक्ष्मीबाईंनी पदरातून एक फोटो काढून आरशाला टेकवून ठेवला. त्यांची मुलगी आवडा. दोन वर्षांपूर्वी, लग्नाला महिना राहिला असताना कावीळ होऊन गेली. आज तिचा जन्मदिवस. माझ्या नाटकातल्या कामाबद्दल त्यांनी काकांकडून ऐकलं होतं. सुनेला एक दिवस आवडासारखी करून द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मी भागूकडे पाहिलं. तिनं मान हलवली, आईंच्या जिवाला बरं वाटलं तर करा ताई, असं हळूच सांगितलं.

तीन तास लागले. भागूचं तोंड गोल, जबडा रुंद. आवडाचं लांबट, डावी भुवई उजवीपेक्षा वर, खालच्या ओठाखाली तीळ. जबडा सावलीत लोटला, कपाळावरचा जुना वण झाकला, नाकावर उजेड ओढला, भुवई मेणानं दाबून वर नवी काढली. शेवटी तीळ. तो टेकवला आणि माझ्याच अंगावर काटा आला. असं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

लक्ष्मीबाई रडल्या नाहीत. अगदी रोजच्यासारखं बोलल्या, “आवडे, जेवलीस का गं?”

११ डिसेंबर

एकदाच म्हणाल्या होत्या, पण आता रोज येतात. रोज दुपारी तीन वाजता. मीही नाही म्हणत नाही. खरं सांगायचं तर मी तीन वाजायची वाट बघते. काल ओठांची कड जरा चुकली होती, ती आज बरोबर साधली.

लक्ष्मीबाई गुलमंडीत गेल्या होत्या तेवढ्यात भागू मोकळं बोलली. माहेर सिल्लोडकडचं. आई लहानपणी गेली, वडील सांडू दुसऱ्याच्या मळ्यात गडी आहेत. सासरी दीड वर्ष कुणी धड बोललं नाही. नवरा रामकिसन ट्रकवर असतो, महिनोन् महिने घरी येत नाही. मी विचारलं, रोज हे असं दुसरीचं तोंड घेऊन घरी जायला तुला वाईट नाही वाटत?

मग म्हणाली, “ताई, ह्या तोंडाला त्या मांडीवर घेत्यात. माझ्या तोंडाला कवा घेतलं नाय.”

ब्रश हातात होता. काम पुरं केलं.

१९ डिसेंबर

आज चाळीस मिनिटांत झालं. मला वाटलं, हात बसला.

पण तसं नाही. ती खुर्चीवर बसली तेव्हाच तिची डावी भुवई वर होती. मी मेण लावायला घेतलं आणि थांबले. बोटानं चाचपून पाहिलं. केस तिचेच, मुळापासून. जबडाही ओढल्यासारखा. मी विचारलं, जेवत नाहीस का? तर म्हणे आई रोज हातानं भरवतात, वजन वाढलंय.

रंग उतरवायला लक्ष्मीबाईंची मनाई होती. पण आज मी मुद्दाम कोल्ड क्रीम आणि कापूस घेऊन तिला बसवलं. सगळं उतरलं, तीळ राहिला. पुन्हा घासला. कातडी लाल झाली. तीळ तसाच. तो तीळ मी काढला होता. माझ्या हातानं, काळ्या पेन्सिलीनं.

भागूनं माझं मनगट धरलं आणि राहू द्या म्हणाली. आवाज जरा घोगरा होता. तिला सर्दी झाली असेल.

२७ डिसेंबर

आज सांगून टाकलं की यापुढं हे काम करणार नाही. वाटलं, लक्ष्मीबाई चिडतील. त्या शांत होत्या. उलट माझ्या ओटीत नारळ घातला. म्हणाल्या, आता गरज पण नाय.

मग भागूनं डोक्यावरचा पदर मागं सारला. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. पावडर नाही, काजळ नाही, नुकतं धुतलेलं तोंड. आणि समोर आवडा बसली होती. ओठाची कड, मी अकरा तारखेला बरोबर केली होती, अगदी तश्शी.

दोघी जिना उतरून गेल्या. मी खिडकीतून पाहिलं. रिक्षात बसताना लक्ष्मीबाईंनी तिचं डोकं खांद्यावर घेतलं.

हात तीनदा धुतले. आज दुसरं काम केलं नाही.

१२ जानेवारी १९९५

सगळं नीट लिहायला हवं. लिहिलं नाही तर मलाच खोटं वाटेल.

सकाळी एक म्हातारा जिना चढून आला. धोतर, हातात कापडी गाठोडं. सांडू, भागूचे वडील. संक्रांतीला लेकीला न्यायला आले होते. मुकुंदवाडीच्या घरी गेले तर दार एका पोरीनं उघडलं. त्यांनी तिलाच विचारलं, बाई, आमची भागू कुठंय? ती आत निघून गेली. लक्ष्मीबाईंनी पाणी दिलं, भागू शैलाताईंकडं कामाला राहते म्हणून सांगितलं.

माझ्याकडं पाठवलं. मला तोंडघशी पाडायला की आणखी कशाला, कळत नाही.

मी त्यांना इथं बसवलं, रिक्षा केली, मुकुंदवाडीला गेले. लक्ष्मीबाई पूजेत होत्या. पोरीचा हात धरला आणि घेऊन आले. ती मुकाट्यानं आली. म्हाताऱ्याला सांगितलं, हीच तुमची भागू, तुम्ही मला तिचं आधीचं तोंड कसं होतं ते सांगा. मी तिला परत आणते.

त्यांचा विश्वास नव्हता. तरी सांगू लागले. गाल भाकरीवानी गोल. नाक जरा बसकं, तिच्या आईचं. कपाळावर उजव्या अंगाला लहानपणी बैलाच्या शिंगाचा वण. हसली की डोळे मिटायची. मी डोळ्यांपुढं तीन डिसेंबरची भागू आणली. भुवई खाली आणली, जबडा भरला, तीळ झाकला. वण पुन्हा रंगवला. साडेतीन तास.

शेवटचा हात फिरवला आणि सांडूबाबांच्या तोंडून हुंदका फुटला. भागू, भागू म्हणत ते तिच्या पायाशीच बसले. मी तिची खुर्ची आरशाकडं वळवली.

तिनं पाहिलं. वाकून, जवळून, नीट पाहिलं. मग मला विचारलं, “ही कोन?”

मी म्हटलं, तू. तिनं पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि पुसायला लागली. गाल, नाक, वण. घाईनं नाही, जेवण झाल्यावर ताट घासावं तशी. खाली तेच तोंड. उठली, वडिलांच्या अंगावर पाय पडणार नाही असं बाजूनं गेली. आई वाट बघत असंल, म्हणाली. गेली.

म्हातारा संध्याकाळपर्यंत त्याच जागी होता. निघताना गाठोडं मला दिलं. त्यात तिळाचे लाडू आहेत आणि हिरवा खण. भागू भेटली तर द्या, म्हणाले.

हे मी केलंय. माझ्या हातांनी.

१८ जानेवारी

जिन्यावर माणसं आहेत. सकाळी दार उघडलं तर वरपासून खालपर्यंत. हातात फोटो. प्रत्येकाबरोबर एक जिवंत माणूस. एक गृहस्थ बायकोचा फोटो घेऊन, मेव्हणीला धरून. एक बाई जावेला घेऊन. कुणी बोलत नाही, ढकलाढकली नाही. देवळात उभी राहतात तशी.

सगळ्यांना परत पाठवलं. काका म्हणाले, तुमच्या हातात देवानं काहीतरी दिलंय, नाही कशाला म्हणता? मी त्यांच्या हाताकडं पाहिलं. त्यांच्याही हातात फोटोचं पाकीट होतं. उघडू दिलं नाही.

ज्यांना धरून आणलं होतं, त्यांच्या तोंडाकडं मी बघत होते. एकही जण नको म्हणत नव्हता.

२१ जानेवारी

ठरवलं. पुण्याला परत जायचं. रंग, ब्रश, सगळं गच्चीवर नेऊन जाळणार होते. काडी ओढली, पण पेटवलं नाही. नेणार सगळं बरोबर. चोवीस तारखेचं तिकीट काढलंय. नवरीची दोन कामं होती, दुसऱ्यांना सांगितली.

२३ जानेवारी

आई आली.

न कळवता, एकटी, अंबाजोगाईहून. इथं एकदाही आली नव्हती. मला इतका आनंद झाला की ती कशाला आली, हे आधी लक्षातच आलं नाही. पिशवीतून तिनं फोटो काढला आणि आरशाला टेकवून ठेवला. मीनाक्षी.

माझी मोठी बहीण. मी बारा वर्षांची असताना विहिरीत पाय घसरून गेली, एकोणीसची होती. त्यानंतर आमच्या घरात तिचं नाव कुणी काढलं नाही. तिच्यानंतर आईनं मला कधी जवळ घेतलं नाही. मी ते कधी लिहिलं नाही, आज लिहिते.

आईनं एवढंच म्हटलं, “एकदाच, शैला.”

मी विचारलं, बसवू कुणाला? आणि विचारतानाच कळलं.

२४ जानेवारी

नाही म्हटलं. आई रागावली नाही. जेवली नाही. खुर्चीकडं बघत बसलीय. तिकीट आजचं होतं. गाडी गेली असेल.

२६ जानेवारी

अजून जेवली नाही. पाणीसुद्धा —

जिन्यावर पुन्हा माणसं. दार लावून घेतलंय. ती वाट बघतात. श्वास ऐकू येतो.

२७ जानेवारी

बसले. आईसाठी. एकदाच, आणि लगेच उतरवायचं. भागूसारखं होणार नाही, मला उतरवता येतं. मी कारागीर आहे.

फार काही करावंच लागलं नाही. एकाच आईची हाडं. कपाळ तेच, हनुवटी तीच. फक्त डोळे थोडे — आणि केसांचा भांग —

अकरा मिनिटं.

आई जेवली. मग माझं डोकं मांडीवर घेतलं. केसांतून हात फिरवला. सतरा वर्षांनी. मी उतरवायला उठणार होते. उठले नाही.

२८ जानेवारी

कोल्ड क्रीम लावलं. पुसलं. पुन्हा पुसलं. कापूस कोरा येतो. कोरा —

माझा फोटो शोधतेय. एकही नाही. सगळ्यांचे चेहरे केले, माझा कुणी —

माझं नाक कसं होतं? डोळे? दहा मिनिटं नुसतं बघायचं असतं. मी स्वतःकडं कधी बघितलंच —

२९ जानेवारी

नाव शैला. वय एकोणतीस. रंगभूषा. भू दीर्घ. नाव शैला. लिहीत राहायचं. अक्षर माझंच आहे ना — र असा काढत नव्हते मी —

आई स्टोव्हपाशी आहे. सांजा केलाय. तो मला आवडत नाही, मीनाक्षीला आवडायचा. वास छान येतोय.

आईनं हाक मारली. शैला म्हणून नाही. दुसऱ्यांदा मारली. ओ द्यायची नाही. वही सोडायची नाही. ओ द्यायची ना—

तिसऱ्यांदा. किती मायेनं —

ओ, आले गं आ