शेजारची जागा

४ नोव्हेंबर, मंगळवार

— आणि चौथा स्क्रू बोटांतून निसटून दाराच्या पोटात पडला. आधी टण्ण. मग काही नाही. मग फार खाली कुठेतरी बारीक टिक्. एवढ्याशा दाराला एवढी खोली!

गाडीचं चालकाच्या बाजूचं दार परवापासून उघडत नाही. आतून नाही, बाहेरून नाही. किल्ली फिरते, हँडल हलतं, पण कुलपाचं बटण खाली बसलंय ते बसलंय. बाबा शेजारच्या दाराने आत शिरतात आणि गिअरवरून पाय टाकत, सरकत सरकत आपल्या जागेवर जातात, नुसतं इंजिन चालवून परत येतात; दार धड होईपर्यंत गाडी फाटकाबाहेर नाही म्हणतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. बघवत नाही.

गॅरेजवाला कुंपणापाशी येऊन गेला. त्याला बाबांनीच गाडी शिकवली. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनीच शिकवली. "मास्तर, ओढून नेतो. दोन दिवसांत परत." बाबा म्हणाले, "माझ्या गाडीला दोर लावायचा तो मी गेल्यावर!" मग माझ्याकडे मान वळवून, "ही करेल. हिचा हात बारीक आहे."

माझा हात बारीक आहे हे त्यांनी कधी पाहिलं? वीस वर्षं मी वाचनालयात फाटक्या पुस्तकांची बांधणी करते. एकदाही तिथे आले नाहीत.

दाराचं आतलं अस्तर म्हणजे पुठ्ठाच. घड्या बसवायची माझी हाडाची पट्टी फटीत सारली, हलके हलके उचललं. खटके एकेक करून सुटत गेले. ओरखडासुद्धा नाही. बाबा स्टुलावर, मांडीवर स्क्रूंची वाटी.

"अरे वा," म्हणाले.

लिहून ठेवते. अरे वा म्हणाले.

संध्याकाळी दादाचा फोन. "कशाला खटाटोप करतेस? उघडत नाही ना? आयतीच सोय झाली. राहू दे तसंच. रविवारी सकाळी येतोय, किल्ली घेऊन जाणार. त्यांना सांगून ठेव." बाबांनी ऐकलं. पलीकडच्या खोलीतून ओरडले, "त्याला म्हणावं, स्टेशनवर घ्यायला मी येतो! गाडी घेऊन! मग बघू कोण कोणाला किल्ली देतं!"

म्हणजे रविवारपर्यंत दार उघडायला हवं. आठवडाभराची रजा टाकली.

५ नोव्हेंबर, बुधवार

कोपरापर्यंत हात दाराच्या आत. डोळे मिटले की जास्त दिसतं. आत गार आहे. बाहेर ऊन, आत वेगळाच महिना. तळाशी धूळ, दोन वाळकी पानं, कालचा स्क्रू. एक हेअरपिन — आईची असणार. काचेच्या फटीतून कधी आत गेली कोण जाणे. आई जाऊन सात वर्षं झाली. पिन मी माझ्या केसांत खोचली. बाबांनी पाहिली.

दोष सापडला. कुलपाच्या बटणापासून एक बारीक दांडी खटक्यापर्यंत जाते. तिचं टोक नखाएवढ्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपेने धरलेलं असतं. क्लिप निघून लोंबत होती. वर बटण, खाली खटका, मध्ये कुणीच नाही. एवढंच!

खटक्यावरचं दगड झालेलं ग्रीस काढलं, तेल सोडलं, क्लिप दाबली. बाहेर जाऊन हँडल ओढलं.

उघडलं!

मी टाळी वाजवली. बाबा उघड्या दाराकडे बघत उभे राहिले. पलीकडे त्यांची जागा, मण्यांचं आसन, स्टिअरिंगचं चाक. ऊन त्या आसनावर पडलं होतं. मग त्यांनी दार हलकेच लावलं, झोपलेल्या मुलावर चादर घालावी तसं.

"बसा की," म्हटलं.

"उद्या बघू. अस्तर आत्ताच नको लावूस. दोन दिवस चालव, मग लाव."

जाणकार माणूस बोलतोय असं वाटलं. अस्तर भिंतीला टेकवून ठेवलं. अंगणात माझ्या बांधणीच्या मेणदोऱ्याचा तुकडा पडला होता. तो बाबांनी उचलला आणि दोन बोटांवर आठाच्या आकारात गुंडाळून खिशात टाकला. दोरा फेकायचा नाही, ही त्यांची जन्माची सवय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहाटे स्वप्न. मी दाराच्या आत राहत होते. काच खाली आली की घराला छत यायचं, वर गेली की आभाळ. कुणीतरी बाहेरून टकटक करत होतं. मी म्हणत होते, आलेच, आलेच. आणि बसून होते.

दार पुन्हा उघडत नाही.

हात आत घातला. दांडी सुटलेली. क्लिप नाहीच. तळ चाचपला, पायपुसणी उचलली, सीटखाली पाहिलं. बाबा बॅटरी घेऊन माझ्यापेक्षा जास्त शोधत होते. गुडघ्यांवर बसून! "एवढीशी वस्तू," पुटपुटत होते, "एवढीशी वस्तू."

शेवटी दांडी मेणदोऱ्याने बांधली. पुस्तकाच्या पाठीला मारते ती गाठ. उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. दहा वेळा.

दुपारी फाटकाजवळच्या झाडाची सावली गाडीवर आली. आम्ही दोघं आत बसलो. बाबा चालकाच्या जागी, मी शेजारी. गाडी बंद. "चला," मी म्हटलं, "तळ्यावर." गंमत म्हणून. त्यांनी डोळे मिटले, हात चाकावर ठेवले आणि निघाले!

"फाटक. बाहेर डावीकडे. दुधाच्या दुकानापाशी खड्डा, हळू. शाळा. शाळा सुटायची वेळ, आणखी हळू." त्यांचं बोलणं ऐकता ऐकता मला खरंच वारा लागला. काचेवरून फांद्या सरकत होत्या. ही आमची सगळ्यात लांबची सहल असेल. "पूल. पुलावर ओव्हरटेक करायचं नाही. उतार. पोस्टाचा चौक."

थांबले.

"पुढे?" मी विचारलं.

"सिग्नल लाल आहे."

मी वाट पाहिली. सावली बॉनेटवरून काचेवर आली. त्यांची बोटं चाकावर घट्ट.

"अजून लाल?"

"अजून लाल," म्हणाले, आणि डोळे उघडले. "चहा टाक."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दार उघडत नाही. दोरा तळाशी सापडला. तुटलेला नाही. आठाच्या आकारात गुंडाळलेला.

८ नोव्हेंबर, शनिवार

काल पुढे लिहवलं नाही. माझी गाठ आपोआप सुटत नाही. सुटली तरी दोरा स्वतःला गुंडाळून घेत नाही.

सकाळी बाबा अंघोळीला गेले तेव्हा त्यांचा चष्म्याचा डबा उघडला. उघडायला नको होता. काच पुसायच्या फडक्यात क्लिप. नीट घडीत ठेवलेली, दुधाचा दात ठेवावा तशी. मी ती परत घडीत ठेवली. डबा होता तसा लावला.

मग शेजारच्या दाराने गाडीत शिरून त्या उघड्या दारापुढे बसले. उघड्या म्हणजे अस्तर नसलेल्या. आतल्या दांड्या उन्हात चमकत होत्या. आधी राग आला. माझे चार दिवस! बॅटरी घेऊन शोधण्याचं ते नाटक! आणि स्टेशनवर येतो म्हणून ओरडणं!

गॅरेजवाला कुंपणावरून डोकावला. "झालं का ताई?" नाही म्हटलं. तो गेला नाही. कुंपणाची तार बोटाने वाजवत राहिला.

"ताई, बोलू नये. मास्तर आहेत ते माझे. पण मागच्या महिन्यात पोस्टाच्या चौकात गाडी घेऊन उभे होते. सिग्नल तीनदा हिरवा झाला. मागून सगळे बोंबलतायत. मी स्कूटर लावून गेलो. तर मलाच विचारतात, तू कोणत्या बाजूला चाललास? म्हटलं, सरळ. तर म्हणाले, मग मीपण सरळ. माझ्या मागून मागून घरापर्यंत आले. म्हणाले, कुणाला बोललास तर तुझं लायसन्स काढून घेईन."

हसला. मीही हसले. मग दोघंही हसायचं थांबलो.

म्हणजे दार बिघडलं तेव्हा त्यांना केवढं सुटल्यासारखं वाटलं असेल! आणि मी बारीक हात घेऊन रोज ते दुरुस्त करत होते. दादाला त्यांनी किल्ली कधीच दिली नसती. दादा ती हिसकावून घेणार, आणि मग ते म्हातारे होणार, रविवारी सकाळी, एका तारखेला. दार नादुरुस्त असेल तर मात्र फक्त दार नादुरुस्त असतं.

मला काय करायचं ते कळेना. क्लिप बसवू? दादाला सांगू? दार असंच ठेवू?

मी एकोणीस वर्षांची असताना बाबा मला गाडी शिकवत होते. त्यांच्या शिकवणीच्या गाडीत, ज्यात शेजारच्या जागेखालीही ब्रेक असायचा. मी पाय उचलायच्या आत गाडी थांबायची. दर वेळी. आठव्या दिवशी मी भर रस्त्यात उतरले आणि चालत घरी आले. त्यांनी गावाला शिकवलं, मला नाही. पुन्हा विषय निघाला नाही. आज बसल्या बसल्या एक गोष्ट लक्षात आली. त्या माणसाचं सगळं आयुष्य चालकाच्या जागेवर गेलंच नाही. चाळीस वर्षं ते शेजारी बसले. या गाडीत चालकाची जागा ही त्यांची निवृत्तीनंतरची जागा.

जेवताना मीच बोलले.

"बाबा, उद्या मला शिकवाल?"

"काय?"

"गाडी."

घास हातात तसाच. "छप्पन्नाव्या वर्षी?"

"तुमच्याकडे साठ वर्षांच्या बायका यायच्या."

"त्या ऐकायच्या."

"मीही ऐकेन. पण माझ्याआधी ब्रेक दाबायचा नाही."

"या गाडीत तो ब्रेक नाही," म्हणाले. मग, "दारसुद्धा धड नाही."

"दाराचं काही नाही. एक बारीकशी क्लिप कमी आहे. मिळाली तर चालवणारी मी. नाही मिळाली तर दादा टॅक्सीने येईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या केसांतल्या पिनेकडे पाहिलं. भात कालवला. ताट स्वतः उचललं, हे कधी नाही ते. चष्म्याचा डबा घेऊन झोपायला गेले.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी क्लिप माझ्या बशीत होती, कपाशेजारी. बाबा वर्तमानपत्रामागे.

बसवली. अस्तर लावलं, पाचही स्क्रू. दार उघडलं. बाबांनी ते माझ्यासाठी धरून ठेवलं, मग गाडीला पुढून वळसा घालून शेजारी येऊन बसले. "आधी आरसा," म्हणाले.

गाडी तीनदा बंद पडली, पण फाटकापर्यंत गेली. फाटकात दादा पिशवी घेऊन उभा होता. मी ब्रेक दाबला. बाबांचाही पाय दाबला गेला, रिकाम्या जागी. गाडी माझ्या ब्रेकने थांबली. दादाने खिडकीतून बाबांपुढे हात पसरला. बाबा म्हणाले, "किल्ली तिच्याकडे आहे."