येते म्हटलं होतं

२ डिसेंबर १९५३, पनवेल
सामान सुखरूप पोचलं. दोन ट्रंका, जातं, देव्हारा, लोणच्याच्या बरण्या. बैलगाडी बारा आणे, हमाली सहा आणे. एकही बरणी फुटली नाही, देवाची कृपा. घर हवेशीर आहे. परसात तुळस लावली. हे मिठाच्या खात्यात. पंधरा-पंधरा दिवस मिठागरांवर राहावं लागणार. आजच गेले.

८ डिसेंबर
कामाला येणाऱ्या सखूबाईचं माहेर करंज्याला. ती जाताना मलाही घेऊन गेली. गावापुढे समुद्राकाठी गुहा आहेत, ओहोटीलाच वाट. फार प्राचीन काळी तिथं माणसं राहत. छत धुरानं काळं, खाली तीन दगडांची चूल, शेजारी वाटून वाटून खडकाला पडलेला खळगा. माझी मूठ त्यात नेमकी बसली. कुणी बाई इथंही एकटीच रांधत असेल. बरं वाटलं. चुलीला हळदकुंकू वाहिलं आणि उठताना सवयीनं म्हटलं, "येते हं."
सखूबाईचा चेहराच उतरला. म्हणाली, "बाय, आमी हितून न बोलता निगतो. तुमी येते बोललात. आता वाट बगतील."
मी म्हटलं, मग काय जाते म्हणू? अशुभ कुठली! ती हसली नाही.

१२ डिसेंबर
सकाळपासून चूल पेटत नाही. लाकडं सुकी, रॉकेलही ओतलं. देवाला दूधसाखरेचा नैवेद्य, मलाही तेवढंच. यांचं पत्र नाही.

१४ डिसेंबर
चूल तशीच. सखूबाईनं काम सोडलं. उंबऱ्याबाहेरूनच सांगून गेली, की तिच्या भावानं गुहेतून धूर येताना पाहिला. आत कुणी बाई पाठमोरी रांधत होती. लुगडं माझ्यासारखं, हिरवं.
माझं हिरवं लुगडं दांडीवर आहे. हुंगलं — धुराचा वास.

१५
हाताला काजळी. साबणानं जात नाही. जप करताना माळ काळी झाली —
इथं दिवसभर कुणी हाक मारत नाही. तिथं गुहेत पान वाढून ठेवलं असेल, असं उगाच मनात —

१६
पोस्टाची कार्डं संपली. इथंच लिहिते, पान फाडून तुम्हाला पाठवीन. दाराशी ओला खडक आहे. पाणी मागं सरतंय. आपल्या दारी समुद्र कुठला हो —
मी शब्द दिलाय, त्यांना ठाऊक आहे. तुम्हीही निघताना येतो म्हणाला होतात. उलट टपाली कळवा, येताय ना — नाहीतर मी